गळाला लागलेला बास नेमका कोणता?

बास म्हणजे उत्तर अमेरिकेतला, गळाने पकडला जाणारा मासा; लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड या त्याच्या नेहमी भेटणाऱ्या जाती. पहिला बास मिळाला की बहुतेक जण त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून त्याला उचलून धरतात आणि फोटो काढून घेतात. आठवण म्हणून तो फोटो छानच असतो, पण मासा ओळखायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. बासची सर्वांत ठळक खूण तोंडाच्या कोपऱ्यात असते आणि तोंड मिटलेलं असेल तरच ती नीट वाचता येते.

खूण अशी. डोळ्याच्या मागच्या कडेपासून सरळ खाली एक रेषा कल्पावी आणि वरच्या जबड्याचं हाड मागे कुठवर जातं ते पाहावं. हाड या रेषेच्या पलीकडे गेलं असेल तर मासा बहुधा लार्जमाउथ. अलीकडेच थांबलं असेल तर स्मॉलमाउथ किंवा स्पॉटेड. तोंड ताणून उघडलं की हेच हाड खाली आणि पुढे झुकतं, त्यामुळे लार्जमाउथचा जबडाही आखूड भासतो. फोटोवरून होणारे कितीतरी वाद एवढ्यावरच मिटतील, असं मला वाटतं.

जबड्यातला हा फरक खाण्याच्या सवयींशी जोडलेला आहे. लार्जमाउथ पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो क्षणार्धात तोंड उघडतो, तोंडाच्या पोकळीतला दाब एकदम घटतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. तोंड जितकं मोठं, तितकं मोठं भक्ष्य गिळता येतं. दुसरे मासे खाऊन जगणाऱ्याला ते सोयीचंच. स्मॉलमाउथला थंड, स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ मानवतो. दगडांच्या फटींतले क्रेफिश (झिंग्यासारखे कवचधारी जीव) हे त्याचं आवडतं खाणं. म्हणून मासा शेवाळ आणि वेलींनी भरलेल्या तळ्यात मिळाला की खडकाळ प्रवाहात, हेही लक्षात ठेवावं. तो पुरावा नव्हे, पण चांगला इशारा आहे.

अडचण अशी की नवशिक्याचा पहिला बास बऱ्याचदा पिल्लूच असतो. लहान लार्जमाउथचा जबडा अजून डोळ्याच्या मागे पोहोचलेला नसतो, आणि मग त्याला हमखास स्पॉटेड ठरवलं जातं. अशा वेळी पाठीवरचा पर पाहावा. हात आधी पाण्यात ओले करून घ्यावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. मग पर बोटाने हलकेच उभा करावा. पुढचा भाग टोकदार काट्यांचा, मागचा मऊ. लार्जमाउथमध्ये काट्यांची उंची मागे मागे इतकी कमी होत जाते की दोन भागांमध्ये खोल खाच पडते आणि जवळजवळ दोन वेगळे पर असल्यासारखं दिसतं. स्मॉलमाउथ आणि स्पॉटेडमध्ये खाच उथळ असते. दोन्ही भाग जोडलेले आहेत हे सहज कळतं.

पण एकाच खुणेवर विसंबायचं नाही, मग ती कितीही ठळक असो. १८०२ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांच्यासमोर स्मॉलमाउथचा एक नमुना आला. त्याच्या पाठीवरच्या पराचा मागचा भाग इजा होऊन तुटला होता आणि उरलेला तुकडा वेगळ्या छोट्या परासारखा दिसत होता. लासेपेद यांनी ते त्या माशाचं वैशिष्ट्यच मानलं आणि त्यावरून मायक्रोप्टेरस ही नवी प्रजाती, म्हणजे जातींचा गट, स्थापन केली. ब्लॅक बास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या साऱ्या माशांना आजही तेच नाव लागतं.

रंगावर मात्र मी सर्वांत कमी भरवसा ठेवेन. पुस्तकातला लार्जमाउथ हिरवा असतो आणि त्याच्या कुशीवर गडद ठिपक्यांचा आडवा पट्टा असतो. स्मॉलमाउथ तांबूस-तपकिरी, अंगावर उभे पट्टे. स्पॉटेडलाही आडवा पट्टा असतो, शिवाय त्याखाली पोटाकडे बारीक ठिपक्यांच्या ओळी. पण माशाच्या त्वचेत रंगद्रव्याच्या पेशी असतात आणि त्यांतलं रंगद्रव्य पसरतं किंवा आकसतं, तसा माशाचा रंग बदलतो. गढूळ पाण्यातला लार्जमाउथ इतका फिका पडतो की पट्टा शोधावा लागतो. गळाशी झुंजून बाहेर आलेल्या माशाचा रंगही काही क्षणांत पालटू शकतो.

त्यापेक्षा जीभ बरी. स्पॉटेडच्या जिभेवर मधोमध बारीक दातांचा खरबरीत चट्टा असतो, तो बोटाला जाणवतो. लार्जमाउथमध्ये तो सहसा नसतो. आणखी खोलात शिरायचं असेल, तर गालावरच्या खवल्यांच्या ओळी मोजाव्यात: लार्जमाउथला साधारण ९ ते १२, स्मॉलमाउथला १४ ते १८. हे काम जिवंत माशावर करू नये. जवळून काढलेल्या स्पष्ट फोटोवर ते सावकाश करता येतं.

मुळात हातातला मासा ब्लॅक बास आहे का, हेही आधी पाहायला हवं. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड हे उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुलातले. चंदेरी अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला स्ट्राइप्ड बास वेगळ्या कुलातला, दक्षिण अमेरिकेचा पीकॉक बास सिक्लिड नावाच्या कुलातला, आणि आशियाई सी बास म्हणजे जिताडा आणखी तिसराच.

सगळ्या खुणा जुळल्या तरी काही माशांचं कोडं सुटत नाही. अलाबामा बास पूर्वी स्पॉटेडचाच एक प्रकार मानला जाई. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. दोघे इतके सारखे दिसतात की नुसत्या नजरेने सांगणं धाडसाचं ठरतं. लार्जमाउथ आणि फ्लोरिडा बास यांचंही तसंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर या दोन्ही वेगळ्या जाती मानल्या जाऊ लागल्या. सॅल्मॉइडिस हे जुनं शास्त्रीय नाव फ्लोरिडा बासकडे गेलं आणि लार्जमाउथला नायग्रिकन्स हे नाव मिळालं. जुन्या पुस्तकाशी नवी यादी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नये.

त्यात भर संकराची. या जातींचा आपसांत संकर होतो, विशेषतः माणसाने एका नदीतले मासे दुसऱ्या नदीत नेऊन सोडले की. ग्वाडालुप बास फक्त टेक्सासमध्ये आढळतो आणि तो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. तिथल्या नद्यांमध्ये शिकारीच्या हौसेसाठी स्मॉलमाउथ सोडले गेले, त्यांचा ग्वाडालुपशी संकर झाला आणि काही ठिकाणी शुद्ध ग्वाडालुप बास जवळजवळ नाहीसा झाला. तो परत आणण्यासाठी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली शुद्ध पिल्लं वर्षानुवर्षं सोडावी लागली. संकरित माशाचा जबडा एकाचा आणि पट्टे दुसऱ्याचे असू शकतात. तिथे पराच्या एका छोट्या तुकड्यातल्या डीएनएवरूनच निकाल लागतो.

म्हणून फोटो काढताना मासा ओल्या हातांवर आडवा धरावा, तोंड मिटलेलं, पाठीवरचा पर उभा, पूर्ण कूस कॅमेऱ्याकडे. पाण्याबाहेर त्याला काही सेकंदच ठेवावं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत किती लांबीचा मासा ठेवता येतो हे जातीवर ठरतं, त्यामुळे ओळख पटत नसेल तर मासा सोडून देणंच योग्य. नोंद करताना ‘स्पॉटेड किंवा अलाबामा’ एवढंच लिहिलं तरी चालेल, फक्त सोबत नदीचं किंवा तलावाचं नाव हवं. कोणती जात कुठे मूळची आहे, हे माहीत असलेल्या अभ्यासकाला तेवढ्यावरून निम्मं उत्तर मिळतं.