'पेक्षा कमी' अशा नोंदींमधला सहसंबंध

सहसंबंधाची, म्हणजे दोन राशी किती प्रमाणात एकत्र बदलतात हे मोजण्याची, कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये मांडली. आज शिकवलं जाणारं सूत्र कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये दिलं. त्या सूत्राला प्रत्येक नोंदीत दोन्ही चलांची (बदलत्या राशींची) नेमकी किंमत लागते, आणि नेमकी तीच कित्येकदा हाती नसते. पाण्यातलं आर्सेनिक उपकरणाच्या शोधमर्यादेखाली, म्हणजे त्याला खात्रीने ओळखता येणाऱ्या किमान पातळीखाली, असेल तर प्रयोगशाळा '५ पेक्षा कमी' एवढंच लिहून देते. अभ्यास संपेपर्यंत रुग्ण जिवंत असेल तर तो किमान किती दिवस जगला एवढंच कळतं. अशा नोंदींना सेन्सॉर्ड म्हणतात.

यावरचे सोपे मार्ग दोन: त्या नोंदी गाळायच्या, किंवा त्यांच्या जागी शोधमर्यादेची निम्मी किंमत भरायची. दुसरा मार्ग मला जास्त घातक वाटतो, कारण त्यात कोणी न मोजलेला आकडा मोजल्यासारखा दिसू लागतो. एखाद्या नमुन्यासाठी दोन्ही घटकांची शोधमर्यादा वर गेली असेल, तर भरलेल्या दोन्ही किमती एकदमच वाढतात. मग मुळात नसलेला सहसंबंध आपणच तयार केलेला असतो.

१९५८ साली दोन महत्त्वाचे शोधनिबंध आले. कॅप्लन आणि मायर यांनी अपुऱ्या नोंदींवरून जगण्याच्या कालावधीचं वितरण काढलं. जेम्स टोबिन यांनी टिकाऊ वस्तूंवरच्या कौटुंबिक खर्चासाठी, जिथे अनेकांचा खर्च शून्य असतो, समाश्रयणाचं (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याचं) प्रतिमान बांधलं. सहसंबंधाचा प्रश्न मात्र यातून थेट सुटला नव्हता.

त्याची किल्ली मॉरिस केंडल यांच्या १९३८ च्या 'टाऊ' या सहसंबंधाच्या मापात होती. टाऊला किमती लागत नाहीत, फक्त क्रम लागतो: दोन नोंदी घ्या आणि दोन्ही चलं एकाच दिशेने बदलतात का ते पाहा. १२ ही किंमत '५ पेक्षा कमी'हून मोठीच, यात शंका नाही. पण ३ आणि '५ पेक्षा कमी' यांत मोठं कोण, हे सांगता येत नाही. ब्राउन, हॉलंडर आणि कोरवार यांनी १९७४ मध्ये हृदयप्रत्यारोपणाच्या माहितीसाठी टाऊला सेन्सॉर्ड नोंदींपर्यंत नेलं. डेव्हिड ओक्स यांच्या १९८२ च्या कसोटीत खात्रीच्या जोड्या मोजल्या जातात, संदिग्ध जोडीला शून्य मिळतं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पुढचं पाऊल खगोलशास्त्रज्ञांनी टाकलं. १९७८ मध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन क्ष-किरण वेधशाळेच्या निरीक्षणांत अनेक स्रोतांसाठी केवळ वरची मर्यादाच, म्हणजे 'याहून जास्त तेजस्वी नाही' एवढंच, मिळाली. सगळ्या किमतींची चिन्हं उलटवली की वरची मर्यादा खालची होते आणि ती माहिती रुग्णांच्या जगण्याच्या माहितीसारखीच होते, म्हणजे वैद्यकातली तयार साधनं चालतात. इसोबे, फायगेल्सन आणि नेल्सन यांच्या १९८६ च्या निबंधात दोन्ही चलं सेन्सॉर्ड असतानाचा सहसंबंधही आला. तरी अंतराची अडचण उरली. दोन तरंगपट्ट्यांतली तेजस्विता (स्रोत मुळात किती ऊर्जा बाहेर टाकतो ते) काढताना अंतराचा वर्ग दोन्हीकडे गुणला जातो आणि नातं फुगतं. अक्रितास आणि सिबर्ट यांनी १९९६ मध्ये तिसऱ्या चलाचा प्रभाव वेगळा काढणारा आंशिक टाऊ दिला, तो अशाच सेन्सॉर्ड नोंदींसाठी.

पर्यावरण क्षेत्रात डेनिस हेलसेल यांनी निम्मी किंमत भरण्याविरुद्ध सातत्याने लिहिलं आणि टाऊचा आग्रह धरला. टाऊलाही मर्यादा आहे: संदिग्ध जोड्या वाढत गेल्या की शून्यांच्या भरण्याने गुणांक शून्याकडे झुकतो. त्यामुळे त्याच्यासोबत किती टक्के नोंदी सेन्सॉर्ड होत्या हेही लिहायला हवं.