ग्ली क्लब आणि शो क्वायर: शूस्टर सर नेमकं काय चालवतात?

फॉक्स वाहिनीवरची ‘ग्ली’ ही अमेरिकन मालिका २००९ ते २०१५ या काळात चालली, सहा सीझन आणि १२१ भाग. ओहायो राज्यातल्या लायमा गावातलं मॅकिन्ली हायस्कूल, तिथे स्पॅनिश शिकवणारे विल शूस्टर आणि त्यांनी हाती घेतलेला, शेवटच्या घटका मोजणारा शाळेचा ग्ली क्लब. मुलं त्यांना ‘मिस्टर शू’ म्हणतात. अमेरिकेतल्या शाळेतलं गाणं म्हटलं की आपल्याकडच्या कितीतरी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आजही मॅथ्यू मॉरिसनने रंगवलेले हे सर येतात, आणि ग्ली क्लब म्हणजे नाचत गाणारी मुलं असा समज पक्का होऊन बसतो. तो दुरुस्त करायलाच हवा. शूस्टर सर नाव घेतात ग्ली क्लबचं, पण स्पर्धेत उतरवतात तो असतो शो क्वायर, म्हणजे नाचत गाणारा गायकांचा संघ. दोन्ही गोष्टी अमेरिकेत खरोखर आहेत, आणि त्या एक नाहीत.

ग्ली हा मुळात अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला गाण्याचा प्रकार. तीन किंवा जास्त पुरुष एकत्र यायचे आणि वाद्यांच्या साथीशिवाय, प्रत्येकाने वेगळी सुरावट धरून एक गाणं उभं करायचे. त्यासाठी लंडनमध्ये क्लब निघाले. पुढे ही हौस अमेरिकेतल्या कॉलेजांत पोचली. हार्वर्डचा ग्ली क्लब १८५८ सालचा, मिशिगन विद्यापीठाचा १८५९चा, येलचा १८६१चा. सुरुवातीला यात कॉलेजची गमतीची गाणी, बँजो आणि मँडोलिन असा सगळा मामला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्चिबाल्ड डेव्हिसन नावाच्या प्राध्यापकाने हार्वर्डच्या मुलांना तिथून उचललं आणि पॅलेस्ट्रिना, बाख अशा जुन्या युरोपीय संगीतकारांच्या रचना गायला लावल्या. १९२१ साली हीच मुलं युरोपचा दौरा करून आली. अटलांटातल्या मोअरहाऊस या कृष्णवर्णीय मुलांच्या कॉलेजचा ग्ली क्लब १९११चा. मार्टिन ल्यूथर किंग या कॉलेजचे विद्यार्थी, आणि १९६८मध्ये त्यांच्या अंत्यविधीला हा क्लब गायला. ग्ली क्लबची पत ही अशी आहे: काळे कोट, ओळीत उभी राहिलेली मुलं, समोर शिक्षक, आणि सगळं लक्ष आवाजावर.

शो क्वायर त्या मानाने अगदी नवा, १९६०-७०च्या दशकांत आकाराला आलेला. ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली आणि रेडिओवरची लोकप्रिय गाणी, चमकते पोशाख, पायऱ्यापायऱ्यांचं व्यासपीठ, बाजूला ड्रम-गिटार-ट्रंपेटचा जिवंत बँड, आणि चाळीस-पन्नास मुलं पूर्ण वेळ नाचत गातायत. इंडियाना, ओहायो, आयोवा, मिसिसिपी, कॅलिफोर्निया इथल्या हायस्कुलांत याचं प्रचंड वेड आहे. हिवाळ्यात, साधारण जानेवारीपासून, दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या शाळेत स्पर्धा भरते. एका संघाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात चार-पाच गाणी आणि बहुतेक वेळा एकदा कपडे बदलणं बसवायचं असतं. परीक्षक गायनाला वेगळे गुण देतात आणि नाचाला-सादरीकरणाला वेगळे. ‘ग्ली’च्या तीन निर्मात्यांपैकी इयन ब्रेनन स्वतः इलिनॉयमधल्या आपल्या हायस्कुलात शो क्वायरमध्ये होते. मालिकेत तो अनुभव उतरला, फक्त दारावर पाटी लागली जुन्या क्लबची.

हा फरक आपल्या नजरेतून सुटतो त्याला एक कारण आहे. आपल्या शाळांतलं समूहगान बहुतांशी एकाच सुरावटीचं असतं; पन्नास मुलं एकच चाल एकत्र गातात. त्यामुळे क्वायरमध्ये शिक्षक काय करतो हे आपल्याला पटकन दिसत नाही. गोव्यातल्या चर्चमध्ये जे गायलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा, सर्वांत उंच आवाजापासून खालच्या आवाजापर्यंतच्या, चार ओळी चार वेगळ्या वाटांनी चालतात आणि त्यांचा मिळून एक आवाज व्हावा लागतो. कोणाचा ‘आ’ जरा जास्त उघडा झाला, आल्टोंचा सूर केसभर उतरला, बासने शब्द अर्धी मात्रा आधी सोडला, तर सगळं फिसकटतं. हे ऐकणारा कान म्हणजे क्वायरचा शिक्षक. ग्ली क्लब असो की शो क्वायर, पाया हाच.

खरा फरक पडतो तो शिक्षक कुठे उभा असतो यात. ग्ली क्लबमध्ये तो मंचावर, मुलांच्या समोर असतो. शेवटच्या क्षणापर्यंत सूत्रं त्याच्या हातात: इथे श्वास, इथे हळू, इथे टेनरांनी मागे राहायचं. हॉल मोठा असेल, आवाज घुमत असेल, तर तो तिथल्या तिथे लय सैल करतो आणि मुलं त्याच्या बोटांकडे बघून ती पकडतात. शो क्वायरमध्ये मुलं नाचत असतात, वळत असतात, प्रेक्षकांकडे बघत असतात. समोर उभं राहून हात हलवणाऱ्याला तिथे जागाच नाही. शिक्षकाचं काम पडदा उघडण्याआधी संपलेलं असतं. ते बरंचसं वाटलेलंही असतं. नृत्य बसवायला बाहेरून कोरिओग्राफर येतो, गाण्यांची खास मांडणी करून घेतात, बँड वेगळा तयार होतो, पालक पोशाखांचं आणि प्रवासाचं बघतात. तोच एक कार्यक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीपासून किंवा शरद ऋतूपासून घोटत आणलेला असतो आणि सीझनभर तोच सादर होतो.

पहिल्या सीझनमधली ‘सेक्शनल्स’ ही स्पर्धा आता आठवून बघा. प्रतिस्पर्धी शाळांना न्यू डायरेक्शन्सची, म्हणजे शूस्टर सरांच्या क्लबची, गाणी आधीच कळतात आणि त्या तीच गाणी गाऊन मोकळ्या होतात. शूस्टर सर हजर नाहीत, शाळेच्या समुपदेशक एमा पिल्सबरी बाईंनी मुलांना नेलंय. मुलं ऐनवेळी दुसरी गाणी ठरवतात, क्लबातली मुख्य गायिका रेचल एकटी प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूने गात येते, आणि ही पोरं जिंकतात. भाग सुरेख आहे, डोळ्यांत पाणी आणतो. पण खऱ्या शो क्वायरमध्ये हे अशक्य. बँडकडे नव्या गाण्याचे कागद कुठून येणार? पंचेचाळीस मुलांनी कुठल्या मात्रेवर कुठल्या पायरीवर असायचं हे कोण सांगणार? ग्ली क्लबला मात्र असा बदल एखादवेळी झेपेल. वह्यांत असलेलं, आधी गायलेलं गाणं काढायचं, सरांनी सूर द्यायचा आणि सुरू करायचं. म्हणजे मालिकेने शो क्वायरला ग्ली क्लबचं स्वातंत्र्य देऊन टाकलं. एक गोष्ट तिने बरोबर दाखवली: स्पर्धेच्या वेळी सर प्रेक्षकांत किंवा विंगेत असतात, हताश आणि अभिमानी.

बाकी शूस्टर सरांचं बरंचसं शिकवणं दोन्हींत बसत नाही. दर आठवड्याला ते फळ्यावर एक शब्द लिहितात, मुलं त्या विषयावर गाणं आणतात, आणि पियानोवरचे ब्रॅड कुठलंही गाणं त्याच क्षणी वाजवू लागतात. स्वर लावून घेणं नाही, टेनर-बासना वेगळं बसवून पाठ करून घेणं नाही, ‘पुन्हा, बाविसाव्या मापापासून’ नाही. शिवाय सर स्वतःच मुलांबरोबर गातात, नाचतात. मला या माणसाची कळकळ मनापासून आवडते. पहिल्या भागात क्लब जगावा म्हणून ते दरमहा ६० डॉलर स्वतःच्या खिशातून भरायला तयार होतात. पण त्याच भागात ते फिन या विद्यार्थ्याला खोट्या आरोपाची भीती घालून क्लबात ओढतात, आणि हे मला पटत नाही; शिक्षकाने आवाज मिळवायची ही रीत नव्हे. क्वायरचा मास्तर म्हणून मला त्यांच्याहून जास्त विश्वास वाटतो शेल्बी कॉर्करन यांचा. कार्मेल हायस्कूलच्या व्होकल ॲड्रिनलिन संघाच्या या कठोर प्रशिक्षक, आणि तो संघ खऱ्या शो क्वायरच्या सर्वांत जवळ जातो: मोठा ताफा, महागडा कोरिओग्राफर, यंत्रासारखी शिस्त. मालिकेने त्यांना खलनायक केलं, पण तालीम त्याच घेतात.

जुन्या ग्ली क्लबची चव ज्यांना या मालिकेत शोधायचीय त्यांनी दुसऱ्या सीझनमधले वॉर्बलर्स बघावेत. डाल्टन अकादमीची ही मुलं, सगळे मुलगे, एकसारखे ब्लेझर, वाद्यांची साथ नाही. त्यांच्या पहिल्या गाण्यामागचे आवाज टफ्ट्स विद्यापीठाच्या बीलझेबब्स या विद्यार्थी गटाचे होते. खरं तर वॉर्बलर्स हा तिसराच प्रकार, कॉलेजांतला छोटा अ कॅपेला, म्हणजे वाद्यांशिवाय गाणारा गट, येलच्या १९०९च्या व्हिफेनपूफ्स या गटाच्या वंशातला. पण हे गट ग्ली क्लबांच्याच पोटातून निघाले.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आठवी-नववीतल्या मुलांचे विषय निवडायची वेळ आली की हा गोंधळ प्रत्यक्ष समोर येतो. हायस्कूलच्या यादीत ग्ली क्लब हे नाव आज क्वचितच असतं. त्या परंपरेचं काम कॉन्सर्ट क्वायर करतो. शो क्वायर वेगळा, आणि बऱ्याच शाळांत त्यात जायचं तर आधी कॉन्सर्ट क्वायरमध्ये असावं लागतं. पोशाख आणि प्रवासाचा खर्च विचारून घ्यावा, हिवाळ्यातले शनिवार गेले असं समजावं. शो क्वायरच्या ऑडिशनला गाण्याइतकीच नाचाची फेरी महत्त्वाची असते, दहा-पंधरा मिनिटांत शिकवलेल्या पदन्यासाची. कॉन्सर्ट क्वायरच्या ऑडिशनला सर पियानोवर चार सूर वाजवतात आणि ते तसेच गाऊन दाखव म्हणतात.