झोपेतलं स्वप्न की अंगातलं वारं: विफ्रेदो लाम आणि दोन 'वादां'ची गल्लत

परवा कलारसास्वादाच्या वर्गात क्युबन चित्रकार विफ्रेदो लामचं 'ला हुंग्ला' (म्हणजे 'जंगल') पडद्यावर लावलं. पाच सेकंदांत मागच्या रांगेतून आवाज आला, "सर्रिअलिझम." शेजारची म्हणाली, "छे, मॅजिक रिअ‍ॅलिझम." तिसऱ्याने भांडण मिटवलं, "एकच ते. काहीतरी विचित्र काढायचं." हे तिसरं वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की आता ते हसण्यावारी नेववत नाही. एकच नाही ते. म्हणून हे लिहायला घेतलं.

सर्रिअलिझम, म्हणजे अतिवास्तववाद, तुम्हाला माहीत आहे. दालीची वितळणारी घड्याळं, माग्रितचा चेहऱ्यासमोर सफरचंद आलेला माणूस, १९२४चा आंद्रे ब्रेताँचा जाहीरनामा, फ्रॉइड, नेणीव, विचारांचा लगाम सोडून हाताला आपोआप काढू दिलेल्या रेघा. त्यावर इथे शाई सांडत नाही. तक्रार आहे ती मराठी नावाबद्दल. 'अतिवास्तव' म्हटलं की निम्म्या लोकांना फोटोलाही लाजवेल असं हुबेहूब चित्र वाटतं. ते हायपररिअ‍ॅलिझम, त्याचा इथे संबंध नाही. आपला हा 'अति' 'अतिगोड'मधला नाही, 'अतींद्रिय'मधला आहे: फार नव्हे, पलीकडे. आणि विमान चार तास उशिरा सुटलं या अनुभवाला 'सर्रिअल' म्हणणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही.

दुसरं नाव जास्त घोळाचं आहे. 'जादुई वास्तववाद' म्हटलं की आपल्याला लॅटिन अमेरिकन कादंबऱ्या आठवतात, पण हा शब्द जन्माला आला जर्मनीत, आणि तोही चित्रांसाठी. फ्रान्त्स रो या समीक्षकाने १९२५ साली तो वापरला. एक्स्प्रेशनिझमचा, म्हणजे भावना भडकपणे मांडणाऱ्या शैलीचा, आरडाओरडा ओसरल्यावर जर्मन चित्रकार पुन्हा खुर्ची, गल्ली, माणूस थंडपणे, काटेकोर काढू लागले होते, त्या चित्रांसाठी. त्यात उडणारी आजी नव्हती की रक्ताचा पाऊसही नव्हता. १९४३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अमेरिकन वास्तववादी आणि जादुई वास्तववादी चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, तेही बरंचसं याच अर्थाने. हा शब्द स्पॅनिशमध्ये गेला, तिथून कादंबरीच्या समीक्षेत शिरला आणि येताना अर्थ बदलून आला. तपशील गमतीचा आहे, पण लोक अडखळतात ते इथे नाही.

अडखळतात ते क्युबात.

आलेहो कार्पेंतियेर हा क्युबन कादंबरीकार. १९२८ ते १९३९ पॅरिसमध्ये होता, अतिवास्तववाद्यांच्या गोतावळ्यात वावरला आणि १९३०च्या ब्रेताँविरोधी पत्रकात लिहूनही मोकळा झाला. १९४३ मध्ये तो हैतीला गेला. त्या फेरीतून आलेल्या, हैतीच्या गुलामांच्या उठावावरच्या त्याच्या कादंबरीला १९४९ साली त्याने जी प्रस्तावना जोडली, ती म्हणजे जुन्या दोस्तांचा उघड हिशेब आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर छत्री आणि शिवणयंत्र यांची अवचित गाठ, ही फ्रेंच कवी लोत्रेआमाँची प्रतिमा अतिवास्तववाद्यांना देवाच्या ठिकाणी. कार्पेंतियेर म्हणतो, हे अद्भुत तुम्ही युक्तीने जुळवून आणता. आमच्याकडे ते रस्त्यावर सापडतं. माकांदाल नावाच्या बंडखोर गुलामाला १७५८ साली फ्रेंचांनी जिवंत जाळलं, पण जमलेल्या गुलामांची खात्री होती की तो रूप पालटून निसटला. ते स्वप्न पाहत नव्हते. भर दिवसा, डोळे उघडे ठेवून चौकात उभे होते. यालाच त्याने नाव दिलं 'अद्भुत वास्तव'. पुढे सगळ्यांनी ते जादुई वास्तववादाच्या गोणीत कोंबलं, ते सोडा.

त्याच प्रस्तावनेत तो चित्रकलेचा दाखला देतो विफ्रेदो लामचा. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींची जादू दाखवायला अमेरिका खंडातलाच चित्रकार यावा लागला, असा त्याचा सूर. आणि गंमत पाहा: त्याच लामला ब्रेताँही आपला म्हणत होता. दोन्ही घरांनी हक्क सांगितलेला हा माणूस, म्हणून फरक तपासायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडत नाही. फ्रिदा काहलोचं उदाहरण सगळे देतात. आपण स्वप्नं नाही, आपलं वास्तव रंगवलं, अशा अर्थाचं तिचं वाक्य टी-शर्टांवरसुद्धा छापून आलंय. पण फ्रिदाचं वास्तव मुख्यतः तिच्या एकटीच्या शरीराचं. लामचं तसं नाही, आणि मुद्दा तिथेच आहे.

लामचा जन्म १९०२चा, क्युबातल्या साग्वा ला ग्रांदेचा, म्हणजे उसाच्या मुलखातला. वडील चिनी, आईकडून आफ्रिकन आणि स्पॅनिश रक्त. धर्ममाता मांतोनिका विल्सन सांतेरियाची पुजारीण. सांतेरिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले योरुबा देव, वरून कॅथलिक संतांची नावं. १९२३ मध्ये तो शिकायला माद्रिदला गेला. तिथे १९३१ मध्ये बायको आणि लहान मुलगा क्षयाने गेले. स्पेनच्या यादवी युद्धात तो रिपब्लिकन, म्हणजे फ्रँकोविरोधी, बाजूने होता. १९३८ मध्ये पॅरिसला पोचला, पिकासोने त्याला जवळ केलं आणि पुढच्याच वर्षी पियेर लोबच्या गॅलरीत प्रदर्शन झालं. जर्मन पॅरिसमध्ये शिरले तसा तो मार्सेयला पळाला. तिथे ब्रेताँ आणि मंडळी व्हिसाची वाट पाहत अडकून पडली होती.

आता इथे थांबा, कारण कार्पेंतियेरची बाजू घेणारे हा टप्पा गाळतात. वेळ काढायला ही मंडळी खेळ खेळायची: पत्ते रंगवायचे, किंवा कागदाची घडी घालून एकाने डोकं काढायचं, दुसऱ्याने न बघता धड, तिसऱ्याने पाय. लाम त्यात होता. ब्रेताँच्या एका दीर्घ कवितेसाठी त्याने चित्रंही केली. त्या वेळच्या त्याच्या वह्यांमध्ये बाईच्या मानेवर प्राण्याचं तोंड, केसांतून फुटलेली पानं, चेहऱ्यावर चेहरा अशा आकृत्या दिसू लागतात. म्हणजे माणूस-प्राणी-झाड यांची सरमिसळ त्याच्या कागदावर क्युबात परतण्याच्या आधी आली, आणि आली ती या खेळाच्या संगतीत. 'आफ्रिकन रक्त उसळलं' असली भाबडी वाक्यं लिहिणाऱ्यांनी या वह्या आधी बघाव्यात.

मार्च १९४१ मध्ये बोट सुटली. तीवर ब्रेताँ होता, मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस होता, लामही. वाटेत मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर कवी एमे सेझेर भेटला. तब्बल १८ वर्षांनी लाम हवानाला उतरला आणि त्याला दिसलं काय, तर आपलीच माणसं पर्यटकांसाठी नाचगाण्यात मांडलेली. चिडला तो. याच चिडीतून १९४२-४३ मध्ये 'ला हुंग्ला' झालं.

जरा जवळून बघा. साधारण २३९ बाय २३० सेंटिमीटर, कागदावर काढून कॅनव्हासवर चिकटवलेलं, म्हणजे माणसापेक्षा उंच. हिरव्या-निळ्या उभ्या कांड्यांच्या दाटीत चार आकृत्या. पाय कांड्यांसारखे सरळ, पण पावलं राक्षसी, जमिनीत रोवलेली. छाती की पपया, कळत नाही. चेहरे चंद्रकोरीसारखे, मुखवट्यांचे. डावीकडच्या आकृतीचं तोंड घोड्यासारखं लांब. उजवीकडे वर एक हात, आणि त्यात कात्री. या कात्रीकडे वर्गात कुणाचंच लक्ष जात नाही. मागे तोडायला आलेला ऊस आहे. स्वतः लामनेच सांगितलं होतं की क्युबात जंगल नाहीच, झाडी आहे, टेकड्या आहेत, मोकळं रान आहे, आणि चित्रात मागे आहे तो उसाचा मळा. ज्या बेटावर गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली, तिथला उसाचा मळा. 'गूढ अरण्य' वगैरे लिहिणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

आणि घोड्याचं तोंड? दालीच्या चित्रात ते दिसलं असतं तर आपण दालीचं बालपण उकरलं असतं, त्याच्या भीत्या, त्याच्या वासना. प्रतिमेची किल्ली चित्रकाराच्या डोक्यात, आणि कधीकधी त्यालाही ती सापडत नाही, हीच तिची मजा. सांतेरियात मात्र देव भक्ताच्या अंगात येतो तेव्हा तो त्याच्यावर स्वार होतो, आणि त्या भक्ताला म्हणतात 'काबायो'. घोडा. हवानातल्या धुणं धुणाऱ्या बाईलाही हे माहीत. लामची घोडामुखी बाई पुढच्या चित्रांमध्ये वारंवार येते, आणि कुठेकुठे शिंगं फुटलेलं लहानसं गोल डोकंही डोकावतं. ते वाटांचा आणि उंबरठ्याचा देव एलेग्वाचं.

मराठी माणसाला हे अवघड जायचं कारणच नाही. कोकणात ज्याच्या अंगात देव येतो त्याला काय म्हणतात? झाड. "झाडाला वारं आलं" हे वाक्य गावऱ्हाटीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. ते अतिवास्तव नाही, नेणिवेचा खेळ नाही, आणि लेखकाने सुचवलेली प्रतिमा तर नाहीच नाही. तो गावाचा रोजचा शब्द आहे. उद्या कुणी माणसाच्या खांद्यांतून फांद्या फुटलेलं चित्र काढलं, तर पॅरिसचा समीक्षक म्हणेल स्वप्न. सावंतवाडीकडची म्हातारी म्हणेल, "अवसर इलो."

एवढाच फरक आहे, आणि सगळा फरक एवढ्यातच आहे. चित्रातली विचित्र गोष्ट बघून विचारायचं: हिला पत्ता आहे का? चित्रकाराखेरीज हिला कोण ओळखतं? कुणीच नाही, आणि कुणी ओळखू नये यातच तिची ताकद, तर तो अतिवास्तववाद. अख्खी वस्ती ओळखते, तर ते अद्भुत वास्तव. चित्र किती विचित्र आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. लोक नेमकं तेच मोजत बसतात.

कार्पेंतियेर एक पाऊल पुढे जातो आणि तिथे माझं त्याच्याशी पटत नाही. तो म्हणतो, अद्भुताला श्रद्धा लागते. संतांवर विश्वास नसलेल्याला संतांचे चमत्कार बरे करत नाहीत. ऐकायला झकास आहे, पण लामला लावून बघा. लामने सांतेरियाची दीक्षा कधी घेतली नाही. मार्क्स वाचलेला माणूस तो. देवांची बारीक माहिती त्याला पुष्कळशी लिदिया काब्रेराकडून मिळाली, आणि ती क्युबाच्या आफ्रिकन परंपरांची अभ्यासक. त्याच्या काही चित्रांना नावंही तिने सुचवली. आपण चिन्हांचं कोष्टक समोर ठेवून रंगवत नाही, असंही लाम सांगायचा. मग चित्रकाराची श्रद्धा ही अट लावली तर लाम बाहेर पडतो, आणि ज्याच्यावरून सिद्धान्त मांडला तोच बाहेर पडला तर सिद्धान्तच लंगडा. म्हणून मी पत्त्याचं विचारतो, श्रद्धेचं नाही. हात मार्सेयमध्ये सैल झाला, पत्ता हवानात मिळाला. दोन्ही घरांचा दावा अर्धा-अर्धा खरा.

या घोळात प्रदर्शनांनी भरच घातली. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला पियेर मातिसच्या गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं. 'ला हुंग्ला' १९४४ मध्ये तिथेच लागलं. त्याच वर्षी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आधुनिक क्युबन चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यात लाम सामील झाला नाही. पुढच्या वर्षी संग्रहालयाने ते चित्र विकत घेतलं आणि पुढे बराच काळ ठेवलं कुठे, तर प्रवेशाच्या बाजूला, कोट ठेवायच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर. कवी-समीक्षक जॉन याऊने १९८८ मध्ये याच जागेवर बोट ठेवून लेख लिहिला: पिकासो वरच्या दालनात आणि लाम कोटांच्या शेजारी का? उत्तर सरळ आहे. 'पिकासो अधिक स्वप्न अधिक थोडं आफ्रिका' असं ज्याचं वर्णन करता, त्याला दालन कुठलं द्यायचं हा प्रश्न पडणारच. १९४६ मध्ये हैतीत, पोर्तोप्रिन्सच्या साँत्र दार या कलाकेंद्रात लामची चित्रं लागली तेव्हा ब्रेताँही त्या शहरात होता. माझ्या मते लामच्या चित्रांना मिळालेली ती सगळ्यात योग्य भिंत, कारण भिंतीबाहेरच्या गल्लीतल्या माणसालाही देव स्वार होणं ठाऊक होतं. चित्रातला घोडा तिथे कुणाला समजावून सांगावा लागला नसणार.

गेल्या दहा वर्षांत मात्र दालनं मिळाली. २०१५ मध्ये पॅरिसचं पाँपिदू, मग माद्रिदचं रेइना सोफिया, २०१६ मध्ये लंडनचं टेट मॉडर्न. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन उघडलं. त्याचं नाव मराठीत साधारण असं होईल: 'मी झोपत नसतो तेव्हा स्वप्न पाहतो'.

मागच्या रांगेतल्या त्या मुलाने वर्ग संपल्यावर मोबाइलवर ते नाव शोधून काढलं आणि विजयी मुद्रेने माझ्यापुढे धरलं. "सर, बघा. स्वप्नच आहे."

"आधीचे चार शब्द वाच," म्हटलं.