उरलेला रंग आणि अर्ध्या चंद्राची खाच

जळगावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पुट्टीच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यात मला एक वेगळीच पट्टी दिसली. मूठ नेहमीची, पातं जरा जाड, एक कोपरा टोकदार आणि एका कडेला अर्धा चंद्र कापून काढावा तशी खाच. दुकानदाराला विचारलं, ही खाच कशासाठी? "बाटली उघडायला असेल," तो म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या रंगाऱ्याने खाचेत अंगठा फिरवून पाहिला आणि पट्टी होती तिथे ठेवून दिली.

ती खाच भिंतीला रंग लावायचा रोलर साफ करायची आहे. रंगकाम संपलं की ती रोलरच्या अंगावर बसवायची आणि दाबून वरून खाली ओढायची. केसाळ थरात मुरलेला रंग खाचेपुढे गोळा होतो आणि डब्यात पडतो. रोलर थोडा फिरवायचा, पुन्हा ओढायचं. नऊ इंची रोलर नीट भिजलेला असेल तर त्यात चहाचा कपभर रंग सहज असतो. तो रंगही वाचतो आणि मागाहून रोलर धुवायला लागणारं पाणीही. हे दुसरं कारण खान्देशातल्या माणसाला लगेच कळावं. तरी ही वस्तू इथे उशिरा आली आणि आली तेव्हा ओळखू आली नाही. असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडची जुनी घरं धाब्याची. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी कड्या आणि त्यावर मातीचं सपाट छत. अशा भिंतीला पांढऱ्या मातीचा हात द्यायचा तो पोतेऱ्याने. जुन्या लुगड्याचा बोळा, दुसरं काही नाही. काम झालं की पिळून वाळत टाकला. पांढऱ्या मातीच्या जागी चुना आला तेव्हा कुंचा लागला. सातपुड्याच्या पायथ्याला पळसाच्या मुळ्या ठेचून, त्यांचे धागे मोकळे करून कुंचे करत. घायपाताचेही असत. चुना भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो, तसाच तो कुंच्यातही होतो. पण मुळीच्या कुंच्याची खुबी अशी की टोक दगडासारखं झालं तर ते तोडायचं आणि पुढची मुळी दातवणासारखी ठेचून घ्यायची. साफ करायचं हत्यार म्हणजे अंगणातला दगड.

तेलरंगाचा ब्रश हे वेगळं प्रकरण. त्याचे चांगले केस डुकराचे. या राठ केसाचं टोक निसर्गतःच फाटलेलं असतं, त्यामुळे ते रंग धरून ठेवतं आणि भिंतीवर सफाईने सोडतं. हे केस जगाला मुख्यतः चीन पुरवत असे. ब्रश महाग, म्हणून त्याची निगाही खूप. रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवायचा, सकाळी झटकायचा, फडक्याने पुसायचा. आमच्या लहानपणी रंगाऱ्याच्या पिशवीला जो वास यायचा तो रंगाचा कमी आणि रॉकेलचाच जास्त.

1937 मध्ये जपान आणि चीनचं युद्ध पेटलं, मग दुसरं महायुद्ध, आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या या केसांची वाट अडली. नेमक्या याच काळात रोलर आला. 1940 च्या सुमारास कॅनडातल्या टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी तो तयार केला, असं सहसा सांगितलं जातं. पैसा मात्र त्यांना मिळाला नाही. पेटंटचं रक्षण करायला भांडवल हवं होतं, तेवढ्यात किरकोळ फेरफार करून इतरांनी आपापले रोलर बाजारात आणले. अमेरिकेतल्या शेर्विन-विल्यम्स या कंपनीने 1941 मध्ये केम-टोन नावाचा पाण्यात कालवायचा रंग काढला. त्यात दुधातलं केसिन असे. तो लावायला कंपनीने रोलर-कोटर नावाचा रोलरही विकला. घरच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी स्वतःच खोली रंगवून टाकावी, ही कल्पना तिथे तेव्हापासून रुजली.

रोलर साफ करायच्या हत्याराचं मूळ या कल्पनेत आहे, असं माझं मत आहे. मुरलेला रंगारी संध्याकाळी रोलरचं काय करायचं ते स्वतः ठरवतो, त्याला कुणी वस्तू विकायला येत नाही. वर्षातून एकदा रंगवणारा कारकून मात्र रविवारी रात्री मोरीत उभा राहून रोलर पिळत असतो, बायकोची बोलणी खात असतो, आणि दुकानातली कुठलीही युक्ती विकत घ्यायला तयार असतो.

त्यात रंगाची जात बदलली. 1948 मध्ये ग्लिडन कंपनीचा स्प्रेड सॅटिन हा लेटेक्स रंग आला आणि 1953 मध्ये रोम अँड हास कंपनीने रंगासाठी अॅक्रिलिक इमल्शन आणलं. आज आपण सरसकट प्लास्टिक पेंट किंवा इमल्शन म्हणतो, त्याचा हा पूर्वज. यात रेझिनचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की गोळे एकमेकांना भिडतात, चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. हा रस्ता एकेरी आहे. पापुद्रा झाल्यावर वर कितीही पाणी ओता, तो पुन्हा रंग होत नाही. तसं नसतं तर पहिल्या पावसात भिंत वाहून गेली असती. पण भिंतीचा हा गुण रोलरच्या मुळावर येतो. ओला आहे तोवरच धुवायचा, नंतर नाही.

पाण्याने धुणं वाढलं तसा रोलरच्या आतल्या नळीचाही प्रश्न आला. केसाळ कापडाची पट्टी नळीवर तिरकी गुंडाळून चिकटवलेली असते. नळी साध्या पुठ्ठ्याची असेल तर दोन-तीन धुण्यांत ती फुगते आणि पट्टी सुटते. म्हणून पुठ्ठ्याला फिनॉलिक रेझिन पाजण्यात आलं, पुढे नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या झाल्या. हे झाल्यावरच रोलर खरवडण्यात अर्थ उरला. जी वस्तू दुसऱ्या धुण्यात मोडणार ती कोण साफ करील?

हत्यारं तीन वाटांनी गेली. पहिली ही खाचेची पट्टी. पुट्टीच्या पट्टीवर एकेक काम चढत गेलं: खरवडणं, पुट्टी भरणं, टोकाने भेग उकरणं, डब्याचं झाकण उचकटणं, आणि खाचेने रोलर निपटणं. पाच कामं म्हणून तिचं नाव फाइव्ह-इन-वन. दुसरी वाट नळाची. रोलर एका नळकांड्यात घालायचा, नळकांडं नळाला जोडायचं, पाणी गोल फिरत वरून खाली रंग धुऊन नेतं. जिथे नळाला चोवीस तास पाणी असतं तिथलं हे डोकं, त्यावर इथे अधिक बोलण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, ती फिरकीची. दट्ट्यासारखी मूठ, आत पिळाचा दांडा, टोकाला रोलर अडकवायचा. मूठ खालीवर केली की रोलर गरगर फिरतो आणि पाणी, रंग सगळं बाहेर फेकलं जातं. ताक घुसळणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. रवीला दोरी गुंडाळून ओढली की सरळ ओढीचं फिरणं होतं. सुताराचा सामताही तसाच चालतो. फिरकीत दोरीच्या जागी पिळाचा दांडा आहे, इतकाच फरक. मात्र फिरकी रिकाम्या बादलीत तोंड खाली करून चालवायची. माझ्या मेहुण्याने ती ओसरीत चालवून पाहिली. ओसरीचा तो कोपरा अजून आम्ही पाहुण्यांना दाखवतो.

आता आपल्याकडे. रोलर खान्देशात उशिरा आला, आणि त्याला कारण भिंत आहे. रोलरला सपाट, गुळगुळीत अंग लागतं. धाब्याच्या घराच्या उंचसखल भिंतीवर तो अर्ध्या जागी टेकतच नाही, आणि पातळ चुना त्याच्यावरून कोपरापर्यंत ओघळतो. 1942 मध्ये मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली, 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी गट्टू काढला. त्या खोडकर पोराच्या हातात रंग गळणारा ब्रशच होता. आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे रंगकाम म्हटलं की तेच चित्र येतं. स्लॅबची घरं, सिमेंटचा गिलावा, त्यावर व्हाइट सिमेंटची पुट्टी आणि पॉलिश पेपर मारून केलेली आरशासारखी भिंत, हे सगळं झाल्यावर रोलरला गावात शिरायला जागा झाली. तोवर चुना, डिस्टेंपर आणि खिडक्या-दारांना ऑइलपेंट.

इथल्या रंगकामाचे हंगाम तीन. दिवाळी सगळीकडेच असते. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लेकी माहेरी यायच्या म्हणून घर उजळतं, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशची देवी बसते म्हणूनही. ज्या घरी कानबाई बसते त्या घराला रंगाचा हात आधी लागतोच. या दोन हंगामांत रोलरची दोन टोकाची हालत होते. श्रावणात हवा दमट, भिंत वाळता वाळत नाही, रोलर पिशवीत गुंडाळून ठेवला तर सकाळीही चालतो. आखाजीच्या सुमाराला मात्र जळगाव-भुसावळकडे पारा 45 कडे धावत असतो. रंगारी भाकरी सोडून बसला आणि रोलर उन्हात राहिला, तर जेवून उठेपर्यंत वरचे केस ताठ होतात. तेव्हा मुकादमाची हाक येते, "आते धोयं नही ते सकाय फेकनं पडी!" आणि ते खरंच असतं.

पण धुवायचं कशाने? याच दिवसांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. घरातली बाई पिंप भरून ठेवते, त्यावर झाकण, झाकणावर दगड. इमल्शनने भरलेला रोलर सरळ पाण्यात पिळायला घेतला की बादल्यांवर बादल्या जातात आणि पाणी पांढरंच निघत राहतं. आधी खरवडला तर बराचसा रंग डब्यात गेलेला असतो, मग दोन बादल्यांत उरकतं. पहिल्या बादलीत ढवळायचा, पुन्हा निपटायचा, दुसऱ्या बादलीत खळबळायचा. पहिल्या बादलीचं गढूळ पाणी दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचा पहिला हात पातळ करायला वापरणारेही पाहिले आहेत. रंग तोच असेल आणि पाणी एका रात्रीचंच असेल तर चालतं.

मग ही पट्टी इथे घरोघरी का नाही? मी बऱ्याच रंगाऱ्यांशी बोललो, आणि उत्तर हत्यारात नसून हिशेबात निघालं. काम मजुरीवर असेल तर सामान मालकाचं. रोलर मालकाचा, फेकला तरी रंगाऱ्याचं काही जात नाही, उलट उद्या नवा मिळतो. काम उक्तं असेल तर रोलर रंगाऱ्याचा, तेव्हा तो त्याला जपतो. पण जपतो कसा, तर रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून. पाणी घरमालकाचं! रोलरचा खर्च एकाच्या खिशातला, पाणी दुसऱ्याच्या पिंपातलं, आणि खरवडायला लागणारी दहा मिनिटं तिसऱ्याच्या रोजातली. तिघांनाही पट्टी विकत घ्यावीशी वाटत नाही. ज्या बाईने पिंप भरलं तिला कुणी विचारत नाही.

अमेरिकेत हा हिशेब जुळला, कारण रंगवणारा, रोलर विकत घेणारा आणि मोरी तुंबली तर ती साफ करणारा माणूस एकच होता.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. अंमळनेरकडच्या एका रंगाऱ्याच्या हातात मी या खाचेचा गावठी अवतार पाहिला. 1980 मध्ये जैन उद्योगसमूहाने जळगावात पीव्हीसी पाइप करायला घेतले, आणि आज इथल्या शेतात पाइपाचा तुकडा सापडणार नाही असा बांध नाही. शेतीत 63 मिलिमीटरचा पाइप नेहमीचा. हे माप बाहेरचं. पाइपाच्या कडेची जाडी वजा केली की आतलं अंतर 59 च्या आसपास येतं. भरलेला रोलर साधारण सव्वादोन इंच, म्हणजे 57 मिलिमीटर. या रंगाऱ्याने वीतभर तुकडा करवतीने उभा चिरला होता आणि एक कड कानशीने घासून बोथट धार आणली होती. अर्धी नळी रोलरवर बसवून जरा तिरपी धरायची आणि ओढायची. लोखंडी खाचेने कधीकधी केस उपटले जातात, प्लास्टिकची कड तेवढी बोचत नाही. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, ठिबकच्या कामावर असताना हातातला चिखल असाच निपटायचो.

मीही घरी एक करून पाहिलं. कड घासताना घाई केली तर ती करकरीत राहते आणि रोलरचे केस ओढते, तेवढं सांभाळावं. पाइप उभा चिरला की दोन तुकडे निघतात. एक मी ठेवला. दुसरा त्या दुकानदाराला नेऊन दिला, तर त्याने उलटून पालटून पाहिला आणि गल्ल्यात सुटे पैसे ठेवायला घेतला.