गेमिंग संगणक थंड ठेवायचा तर आधी हवेची वाट मोकळी करा

गेम चालू असताना संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट, प्रोसेसर १५० वॅट आणि बाकीचे किरकोळ धरले, तर कॅबिनेटमध्ये ५०० वॅटचा हीटरच पेटलेला असतो. ही उष्णता वाहून नेते ती खोलीतली हवा. त्यामुळे पंख्यावर चालणारा संगणक खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली पाच अंशांनी तापली, की आतले भागही साधारण तेवढेच तापतात. म्हणून ‘प्रोसेसर ८० अंशांवर गेला’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो खोलीपेक्षा किती अंश वर आहे, ते पाहावे.

हवा लागते तरी किती? एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलोची, आणि किलोभर हवा एका अंशाने तापायला साधारण १००० ज्यूल लागतात. कॅबिनेटमधून जाताना हवा १० अंशांनीच तापावी असे ठरवले, तर ५०० वॅटसाठी सेकंदाला ४० लिटरच्या आसपास हवा खेळती हवी. दोन-तीन चांगले पंखे हे करू शकतात, पण समोर बंद काच किंवा धुळीने बुजलेली जाळी असेल तर पंखे वाढवूनही फारसा फरक पडत नाही.

अडचण नेमकी कुठे आहे, हे शोधायची एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. पंख्यांचा वेग कायम ठेवून तोच गेम तापमान स्थिरावेपर्यंत चालवा. मग कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून पुन्हा तेच करा. तापमान बरेच उतरले, तर हवेची वाट अडलेली आहे. जेमतेम उतरले, तर दोष कूलरमध्ये, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या त्याच्यावरच्या भागात, किंवा त्या दोघांमध्ये लावलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधा. प्रोसेसर आणि कूलर यांचे पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे १५ हजार पटींनी सहज वाहते. पेस्ट हे खळगे भरते. तिचा थर जाड झाला तर तोच आडवा येतो.

पंखे पुढून किंवा खालून हवा घेणारे आणि मागून, वरून सोडणारे असावेत. आत येणारी हवा किंचित जास्त ठेवली, की फटींतून धूळ ओढली जात नाही. पंखा मोठा आणि संथ असलेला बरा: वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो.

आणि उष्णता मुळात कमीच तयार झाली तर? चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले, तर तिच्या कामाला लागणारी वीज सुमारे १९ टक्क्यांनी घटते. अनेक ग्राफिक्स कार्डांना कारखान्यातून गरजेपेक्षा थोडे जास्तच व्होल्टेज दिलेले असते, त्यामुळे इथे वाव मिळतो. मात्र प्रत्येक चिप वेगळी असते. व्होल्टेज अगदी थोडे थोडे उतरवा, दर पायरीला जड गेम बराच वेळ चालवून पाहा, आणि गेम बंद पडू लागला की एक पायरी मागे या.