आडवी बाटली आणि भाजकाचा वाद

1949 चा दारूबंदी कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही लागू आहे. बंदी सैल झाली, परवान्याची चौकट तेवढी उरली. देशीसाठी 2 आणि विदेशीसाठी 5 रुपयांचा एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडला जातो किंवा फाडलाच जात नाही. त्यावरून पिणाऱ्यांची संख्या काढण्याच्या फंदात अभ्यासक पडत नाहीत.

वर्धा आणि 1993 पासून गडचिरोली हे जिल्हे कोरडे झाले, म्हणजे तिथे पूर्ण दारूबंदी आली. इतरत्र बायकांच्या आंदोलनांतून गावातलं दुकान मतदानाने बंद करण्याची वाट निघाली. 2008 च्या आदेशानुसार आधी महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्के जणांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

खरी मेख इथे आहे. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, पण ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या. समजा मतदान फक्त बायकांचं आहे आणि यादीत 1,000 बायका आहेत. 600 आल्या, 480 आडवी, 120 उभी. पाचातल्या चौघींना दुकान नको, तरी ते चालूच राहतं, कारण 501 हव्यात. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, मयत झालेल्या म्हाताऱ्या, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, सगळी नावं यादीत असतात. म्हणून जाणत्या कार्यकर्त्या आधी यादी घेऊन घरोघर फिरतात आणि तोडणीच्या हंगामात मतदान येऊ नये म्हणून धडपडतात. चालू धंदा उठवायचा तर मोठं बहुमत हवं, हा बचाव ऐकायला ठीक आहे. पण आमदार निवडताना ही अट नसते.

भाजकाचा, म्हणजे कशाने भागायचं याचा, हाच घोळ संशोधनातही होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातले 15 वर्षं आणि त्यावरचे 13.9 टक्के पुरुष आणि 0.4 टक्के स्त्रिया दारू पितात असं आलं. विक्रीचे लिटर सगळ्या लोकसंख्येने भागले तर दरडोई आकडा निरुपद्रवी दिसतो. पिणाऱ्यांनी भागला की चित्र पालटतं. शिवाय बिअरचे आणि देशीचे लिटर सरळ जोडता येत नाहीत, आधी शुद्ध अल्कोहोल काढावं लागतं. 42.8 टक्क्यांच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये ते साधारण 61 ग्रॅम असतं. 5 टक्क्यांच्या 650 मिली बिअरमध्ये 26. हातभट्टी तर विक्रीच्या आकड्यांत येतच नाही.

चंद्रपुरात 2015 ला बंदी आली, 2021 मध्ये उठली. उठवताना अवैध दारू आणि वाढलेल्या गुन्ह्यांचा दाखला दिला गेला. पण बंदी असलेल्या जिल्ह्यात दारू विकणं हाच गुन्हा, त्यामुळे छापे वाढले की गुन्हेही वाढतात. त्या नोंदींतून पोलिसांचं काम मोजता येतं. लोक किती पीत होते हे कळायला बंदीआधीची आणि नंतरची घरोघरची पाहणी, तीही एकाच प्रश्नावलीने केलेली लागते.