सर्व्हरची नावे आणि गटांचे नियम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची देखरेख सेवा घेणाऱ्यांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच : "अहो, टेस्टचा सर्व्हर आम्हीच बंद केला होता, मग रात्री दोन वाजता अलार्म कशाला?" अलार्म बरोबरच वाजलेला असतो. सर्व्हर चुकीच्या गटात असतो, आणि त्याला तिथे, नाव पाहून गट ठरवणाऱ्या तुमच्याच नियमाने बसवलेले असते.

होस्टनेम (सर्व्हरचे नाव) म्हणजे काय, गट कुठे उघडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. उदाहरणांतली नावे इथे देवनागरीत छापली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

खरा घोटाळा सैल नियमाचा. प्रॉड म्हणजे प्रॉडक्शन, रोजच्या चालू कामाचा सर्व्हर. "नावात प्रॉड असेल तर चालू कामाचा गट" असे लिहिले की "बीआरसी-पेरोल-प्रॉड-०१" बिनचूक सापडतो आणि आपण निर्धास्त होतो. पण "नॉनप्रॉड" आणि "प्रीप्रॉड" यांच्या पोटातही प्रॉड आहेच, तेही मुकाट्याने त्याच गटात जातात. उलटी चूक जास्त महागात पडते. "टेस्ट" शोधणारा नियम "लेटेस्ट" नावाच्या सर्व्हरलाही टेस्ट समजतो. टेस्टच्या गटाला अपडेट आणि रीस्टार्ट भर दुपारी लावलेले असतात; मग बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) गेटवर ट्रक उभा आणि आत मालाचे चलन निघत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. शब्द दोन्ही बाजूंच्या आडव्या रेघांसकट लिहा : "-प्रॉड-". तरीही कुणी "प्री-प्रॉड" असे तोडून नाव ठेवले असेल तर ते निसटून आत येतेच. म्हणून क्रम. आमच्याकडे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो, खालचे पाहिलेच जात नाहीत. तेव्हा प्री, नॉन, टेस्ट यांचे नियम वर आणि प्रॉडचा त्यांच्या खाली.

रेगेक्स (मजकुराचा नमुना चिन्हांनी लिहिण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी फुलीच्या चिन्हाकडे जरा लक्ष द्यावे. फाइल शोधताना * म्हणजे "पुढे काहीही". रेगेक्समध्ये मात्र "आधीचे अक्षर कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा". "वेब*" लिहिलेत तर "पॉवर" नावाचा सर्व्हरही अडकतो, कारण त्याच्या स्पेलिंगात डब्ल्यूच्या मागोमाग ई आहे. सुरुवातीला ^ लावा, म्हणजे जुळणी नावाच्या सुरुवातीपासूनच होते.

नावे ठेवतानाच थोडा विचार केला तर निम्मे नियम लागतच नाहीत. गावाचा कोड एकच धरा : बडोद्याला कुणी रेल्वेचा बीआरसी लावतो, कुणी विमानतळाचा बीडीक्यू, आणि एकाच कंपनीत दोन्ही सापडतात. अंडरस्कोर नको, होस्टनेममध्ये अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते. विंडोजवर नेटबायोस नाव (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचे जुन्या पद्धतीचे नाव) १५ अक्षरांवर कापले जाते. वरचे पेरोलचे नाव इंग्रजीत १९ अक्षरांचे आहे, त्यामुळे ०१ आणि ०२ दोघांचेही कापलेले नाव एकच होते. नाव छोटे ठेवा आणि महत्त्वाचे आधी घ्या.

"यादी पाठवल्याशिवाय तुम्ही नियमाला हात लावत नाही," अशी तक्रार आम्ही ऐकतो. खरे आहे, लावत नाही. नियम आम्ही मिनिटात लिहू, पण तुमच्याकडचा "लेटेस्ट" आम्हाला फोनवर दिसत नाही. सगळी नावे हाती आली की नियम आधी त्यांच्यावर चालवून पाहतो, कोण कुठे पडले ते तुम्हाला दाखवतो आणि तुमचा होकार आल्यावरच चालू करतो. सर्वांत खाली आम्ही "बिनगटाचे" नावाचा गट ठेवतो, तो कृपया काढू नका. तो रिकामा असेल तर उत्तम. त्यात काही दिसले तर नवा सर्व्हर नियमांच्या नजरेतून सुटला आहे असे समजा.

दिवाळीतल्या लाभपंचमीनंतर नवी यंत्रे चढतात आणि हे फोन एकदम वाढतात. ज्यांची एएमसी (वार्षिक देखभाल करार) आहे त्यांचे नियम आम्ही दर तिमाहीला वेगळा आकार न घेता तपासून देतो. बाकीच्यांनी नव्या नावांची यादी यंत्रे चढवण्याआधी ईमेलने पाठवावी, म्हणजे एकाच भेटीत काम उरकेल आणि दुसऱ्या भेटीचे पैसे वाचतील.